पगारपत्रकाबाहेरचे नायक
बालवीर चळवळीतील स्वयंसेवी मार्गदर्शकांची वाटचाल

कोणत्याही सामाजिक संस्थेच्या इतिहासात अध्यक्ष, कार्यवाह आणि देणगीदार यांची नावे ठळकपणे नोंदविली जातात, आणि ते उचितच आहे. परंतु रविवारी पहाटे घरची कामे बाजूस सारून वीस-पंचवीस मुलांना टेकडीवर नेणारा, त्यांच्याकडूनच तंबूच्या खुंट्या ठोकून घेणारा आणि सायंकाळी प्रत्येक मूल आपापल्या घरी पोहोचल्याची खात्री झाल्यावरच स्वतःच्या घराकडे वळणारा जो मनुष्य असतो, त्याचे नाव बहुधा कोणत्याही संगमरवरी फलकावर आढळत नाही. पगारपत्रकात तर ते नसतेच. जगभर पसरलेली आणि आज पाच कोटींहून अधिक सभासद असलेली बालवीर अर्थात स्काउट चळवळ अशाच माणसांच्या बळावर शंभर वर्षांहून अधिक काळ उभी आहे.

मुलांच्या कार्यात मोठ्या माणसाने नेमके काय करावे? पुढे राहून हुकूम सोडावेत, की मागे राहून लक्ष ठेवावे? किती विश्वास टाकावा आणि किती सावध राहावे? हे प्रश्न मुलांसाठी काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे असतात. बालवीर चळवळीला त्यांची उत्तरे कधी सुखाने, तर कधी जबर किंमत मोजून मिळाली. त्या वाटचालीचा हा संक्षिप्त आढावा.

मुलांनी शोधलेली मोठी माणसे

या चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. ते ब्रिटिश सैन्यातील अधिकारी होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, १८९९-१९०० मध्ये, मेफकिंग या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता. त्या काळात गावातील किशोरवयीन मुलांचे एक पथक निरोप पोहोचविण्याचे काम करीत असे. विश्वास टाकला तर लहान मुलेही जबाबदारी पेलू शकतात, हे बेडन-पॉवेल यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

मायदेशी परतल्यावर विल्यम स्मिथ यांच्या बॉइज ब्रिगेड या संस्थेशी त्यांचा संबंध आला. ही संस्था १८८३ मध्ये ग्लासगो येथे स्थापन झालेली होती. स्मिथ यांच्या प्रोत्साहनाने बेडन-पॉवेल यांनी आपल्या कल्पनांची परीक्षा घेण्याचे ठरविले. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर सुरू झाले. त्यांत श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील मुले होती, तशीच बॉइज ब्रिगेडमधील सामान्य घरांतील मुलेही होती. मुलांचे चार संघ करण्यात आले आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांपैकीच एक नेमण्यात आला. मोठी माणसे शिबिरात होती, परंतु संघाचा कारभार संघनायकाकडे होता. पुढे जगभर रुजलेल्या संघपद्धतीचा हा पहिला प्रयोग.

जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हा ग्रंथ पाक्षिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागला. त्याचे एकूण सहा भाग होते व प्रत्येकाची किंमत चार पेन्स होती. प्रचलित संस्थांनी आपल्या कामात या कल्पनांचा वापर करावा, एवढाच लेखकाचा मूळ हेतू होता. घडले मात्र निराळेच. ठिकठिकाणच्या मुलांनी हे भाग विकत घेतले, आपसांत संघ तयार केले, हातात काठ्या घेतल्या आणि नंतर आपल्याला शिकविणाऱ्या मोठ्या माणसाच्या शोधात ती निघाली. कोणी शिक्षकाला गाठले, कोणी चर्चमधील तरुण धर्मोपदेशकाला, तर कोणी दुकानातील कारकुनाला. सर्वसाधारणपणे मोठी माणसे संस्था काढतात आणि मग मुलांना बोलावतात. येथे मुलांनी मोठ्यांना बोलावले. अशा रीतीने स्काउटमास्तर हे पद अस्तित्वात आले. १९१० सालापर्यंत ब्रिटनमधील बालवीरांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्याच वर्षी बेडन-पॉवेल सैन्यातून निवृत्त झाले आणि मुलींसाठी गर्ल गाइड संघटना सुरू झाली.

लेसडाउनचा आघात

चळवळ झपाट्याने वाढत होती, परंतु मुलांना घेऊन बाहेर पडणे म्हणजे किती मोठी जोखीम शिरावर घेणे आहे, याची जाणीव १९१२ साली एका भयंकर प्रसंगाने करून दिली. लंडनच्या वॉलवर्थ या श्रमिकवस्तीतील एक पथक शिबिरासाठी बोटीने निघाले होते. ४ ऑगस्ट १९१२ रोजी केंट परगण्यातील लेसडाउनच्या किनाऱ्याजवळ एकाएकी आलेल्या वादळी वाऱ्याने ती बोट उलटली. पथकप्रमुखाने व इतरांनी मुलांना वाचविण्याची शिकस्त केली, तथापि नऊ मुले बुडून मृत्युमुखी पडली. त्यांची शवे लंडनला आणण्यासाठी सरकारने नौदलाची नौका पाठविली. अंत्ययात्रेच्या मार्गावर नागरिकांची अपार गर्दी लोटली होती.

हा प्रसंग आठवून आजही मन विषण्ण होते. तो पथकप्रमुख कोणाचा नोकर नव्हता. रिकाम्या वेळात, कोणताही मोबदला न घेता, गरीब वस्तीतील मुलांना समुद्राची हवा दाखविण्यासाठी तो निघाला होता. त्याच्या हेतूविषयी कोणालाच शंका नव्हती. परंतु चांगला हेतू वाऱ्याला थोपवू शकत नाही. मुलांचे पालक आपले सर्वांत मोलाचे धन ज्याच्या स्वाधीन करतात, त्या माणसाजवळ सेवाभावाबरोबरच पूर्वतयारी, प्रशिक्षण आणि धोका ओळखण्याची नजर असावी लागते. ‘मी फुकट काम करतो’ ही सबब अशा वेळी कामास येत नाही.

नायक रणांगणावर, कारभार मुलांच्या हाती

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटनमधील असंख्य तरुण स्काउटमास्तर सैन्यात दाखल झाले. त्यांपैकी कित्येक परत आलेच नाहीत. अनेक पथकांना मार्गदर्शक उरला नाही. पथके मोडतील अशी धास्ती होती, पण बऱ्याच ठिकाणी संघनायकांनी कारभार सांभाळला. सभा भरत राहिल्या, मुले किनाऱ्यावर पहारा देऊ लागली, निरोप पोहोचवू लागली. ज्या पथकांत पूर्वीपासून मुलांना खरी जबाबदारी दिली गेली होती, त्यांची वीण या परीक्षेच्या काळात घट्ट राहिली. जेथे सर्व काही एका मोठ्या माणसाच्या शिटीवर चालत असे, तेथे शिटी थांबताच पथकही थांबण्याचा धोका होता. संघपद्धतीचे मोल त्या काळाने पटवून दिले.

याच काळात स्त्रियांनीही पुढाकार घेतला. लहान मुलांसाठी १९१६ मध्ये कब शाखा रीतसर सुरू झाली. तिची कल्पनासृष्टी रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’ वरून घेतलेली होती. त्या कथांतील लांडग्यांचा कळप ज्या सिवनीच्या डोंगरांत वावरतो, तो मुलूख नागपूरच्या उत्तरेस, आजच्या मध्य प्रदेशात आहे. कळपाचा म्होरक्या ‘अकेला’ याचे नाव कबमास्तरांना मिळाले. म्हणजे जगभरची लहान मुले आपल्या मार्गदर्शकास ज्या नावाने हाक मारतात, ते नाव आपल्याकडचे आहे. या शाखेच्या उभारणीत व्हेरा बार्कले या महिलेचा मोठा वाटा होता. पुरुष युद्धावर गेलेले असताना अनेक कब पथके स्त्रियांनी चालविली आणि मुलांचे नेतृत्व म्हणजे केवळ पुरुषांचे काम नव्हे, हे सिद्ध केले.

गिलवेल : मार्गदर्शकांची पाठशाळा

युद्ध संपल्यावर मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. विल्यम डी बॉइस मॅकलॅरेन या स्काउट आयुक्तांनी दिलेल्या देणगीतून लंडनजवळील गिलवेल पार्क ही जागा ७,००० पौंडांस खरेदी करण्यात आली. २६ जुलै १९१९ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि ८ सप्टेंबर १९१९ रोजी तेथे स्काउटमास्तरांचा पहिला वर्ग सुरू झाला. तेथे व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष अनुभवावर भर होता. वयाने मोठी असलेली माणसे मुलांप्रमाणेच संघात विभागली जात, तंबूत राहत, स्वयंपाक करीत आणि आळीपाळीने संघनायक होत. मुलांना जे करायला सांगायचे, ते आधी स्वतः करून पाहायचे, असा हा सरळ मार्ग होता.

प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यास चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी दिले जात. मूळ मणी बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या एका माळेतील होते. झुलू राजा दिनुझुलू याच्याशी त्या माळेचा संबंध सांगितला जातो. ‘वुड बॅज’ या नावाने ओळखले जाणारे हे चिन्ह आजही प्रशिक्षित मार्गदर्शकाची खूण आहे. त्यासोबतच्या गळपट्ट्यावर मॅकलॅरेन घराण्याच्या चौकडीच्या लोकरी कापडाचा एक लहानसा तुकडा शिवलेला असतो. दात्याची आठवण ठेवण्याची ही पद्धत किती साधी आणि किती टिकाऊ! कोनशिला एका जागी राहते, हा कापडाचा तुकडा मात्र शंभर वर्षे देशोदेशीच्या शिबिरांतून हिंडत आहे.

मार्गदर्शक कसा असावा, याविषयी बेडन-पॉवेल यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याचा मथितार्थ असा की, त्याने शाळामास्तर होऊ नये आणि पलटणीतील अंमलदारही होऊ नये. त्याने मुलांचा थोरला भाऊ व्हावे. आपल्या संस्कृतीत थोरल्या भावाचे जे स्थान आहे, ते पाहता ही अपेक्षा आपल्याला सहज उमगते. थोरला भाऊ लाड करतो, कानही धरतो, परंतु धाकट्याचा घास त्याच्या तोंडात स्वतः चावून घालत नाही.

भारतातील बंद दार आणि ते उघडणारे हात

भारतात बालवीर चळवळ १९०९ साली आली. कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूर येथे पहिले पथक स्थापन केले. त्यानंतर पुण्याजवळील खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास इत्यादी ठिकाणी पथके निघाली. मात्र ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. भारतीय मुलांना तेथे प्रवेश नव्हता. एतद्देशीय तरुणांना शिस्त, संघटन व टेहळणी यांचे शिक्षण दिल्यास ते उद्या राज्यकर्त्यांवरच उलटेल, अशी शंका नोकरशाहीच्या मनात होती.

दार बंद असल्याने आपल्या लोकांनी स्वतःचे दार बांधले. १९१३ साली श्रीराम वाजपेयी यांनी शहाजहानपूर येथे भारतीय मुलांसाठी कार्य आरंभिले. त्याच सुमारास मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनीही भारतीय मुलांना या चळवळीत आणले. बोस हे नागपूरचे नामांकित विधिज्ञ होते. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९५१ ते १९५६ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. विधिक्षेत्रात एवढी उंची गाठणारा पुरुष बालवीरांच्या कार्यात दीर्घकाळ रमला, हे विशेष होय. ‘मला वेळ नाही’ असे म्हणण्याचा अधिकार ज्यांना सर्वांहून अधिक होता, त्यांनीच वेळ काढला.

१९१६-१७ च्या सुमारास डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या सहकार्याने मद्रास येथे इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन स्थापन केली. तिच्या मुलांच्या डोक्यावर भारतीय फेटा असे आणि ओठी भारतीय गीते असत. पुढे एक-दोन वर्षांत पं. मदनमोहन मालवीय, पं. हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समितीची बालवीर संघटना उभारली. यात्रा-मेळ्यांतील गर्दीत वाट चुकलेल्यांना मदत करणे, यात्रेकरूंची सेवा करणे, ही कामे सेवा समितीने आपली मानली. इंग्लंडच्या रानात सुरू झालेल्या खेळाला गंगेच्या घाटावर सेवाधर्माचे रूप मिळाले.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले. त्या वेळी बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली आणि भारतीय मुलांना प्रवेश खुला झाला. सेवा समितीने मात्र आपले स्वतंत्र अस्तित्व राखले. १९३७ मध्ये दिल्ली येथील अखिल भारतीय मेळाव्यासाठी बेडन-पॉवेल पुन्हा आले. भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांमुळे देशभर क्षोभ उसळला. अनेक भारतीय मार्गदर्शकांनी जुनी संघटना सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. बिनपगारी माणसाला हुकमाने बांधून ठेवता येत नाही. त्याला जोडून ठेवणारा धागा एकच असतो, तो म्हणजे परस्पर आदर. तो तुटला की माणूस जातो, आणि त्याच्यामागून मुलेही जातात. संस्थापकाची थोरवी मान्य करूनही ही नोंद करणे इतिहासाला भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर या विखुरलेल्या प्रवाहांचा संगम व्हावा यासाठी पंतप्रधान पं. नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, पं. कुंझरू, श्रीराम वाजपेयी आणि न्या. विव्हियन बोस यांनी प्रयत्न केले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकसंध संघटना जन्मास आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड संघटनाही तीत सामील झाली. मुले व मुली यांची एकच राष्ट्रीय संघटना असावी, हा त्या काळाच्या मानाने पुरोगामी निर्णय होता. पं. कुंझरू पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. ना. गोखले यांनी १९०५ साली पुणे येथे स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते आजीव सेवक होते. तुटपुंज्या निर्वाहभत्त्यावर देशसेवेला वाहून घेण्याचे व्रत त्यांनी तेथेच घेतले होते.

महाराष्ट्रातील रूप

१९५६ मध्ये पचमढी येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि देशभरच्या मार्गदर्शकांची सोय झाली. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुणे येथे गर्ल गाइड संघटनेचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र लेडी ओलाव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते सुरू झाले. तेथे देशोदेशीच्या तरुणी स्वयंसेवक म्हणून येतात. १९६४ पासून सुमारे दोन दशके राष्ट्रीय आयुक्तपद भूषविणाऱ्या श्रीमती लक्ष्मी मजुमदार यांनी एक महिलाही संपूर्ण देशाची ही धुरा वाहू शकते, हे दाखवून दिले.

आपल्याकडे ही चळवळ प्रामुख्याने शाळांच्या आश्रयाने वाढली. खाकी गणवेश, गळ्यातील स्कार्फ, दोरीच्या गाठी, तीन बोटांचा प्रणाम आणि शिबिरातील शेकोटी या आठवणी अनेक पिढ्यांनी जपल्या आहेत. ‘खरी कमाई’ या उपक्रमात मुले घरोघरी, दुकानांत लहानसहान कामे करून चार पैसे मिळवीत. व्यापारी कुटुंबातील मुलालाही श्रमाचा पहिला रुपया किती जड असतो, हे त्यातून कळे.

शाळेमुळे चळवळीला जागा, मुले आणि स्थैर्य मिळाले. परंतु त्यासोबत एक उणीवही आली. मूळ कल्पनेत मार्गदर्शक हा समाजातून स्वेच्छेने पुढे येणारा नागरिक होता. येथे तो बहुधा शाळेतील शिक्षक असतो, आणि पुष्कळदा हे काम त्याच्या वेळापत्रकात वरून टाकलेले असते. अशा स्थितीतही ज्या शिक्षकांनी सुटीचे दिवस देऊन, प्रसंगी खिशाला चाट लावून पथके घडविली, त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र सर्व भार त्यांच्यावर सोडून इतरांनी केवळ पारितोषिक वितरणास हजर राहावे, हे योग्य नव्हे. वकील, डॉक्टर, व्यापारी, निवृत्त अधिकारी या सर्वांना या कामात जागा आहे. नागपूरच्या त्या विधिज्ञाने ते १९१३ मध्येच दाखविले होते.

विश्वासाला शिस्तीची जोड

या इतिहासातील एक दुःखद अध्याय टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या १९१० साली स्थापन झालेल्या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पूर्वीच्या अनेक दशकांत काही मार्गदर्शकांनी मुलांचे लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. भरपाईसाठी ८२,००० हून अधिक व्यक्तींनी दावे दाखल केले आणि त्यासाठी सुमारे २४६ कोटी डॉलरचा निधी ठरविण्यात आला. स्वयंसेवक आहे म्हणजे तो चांगलाच असणार, हे गृहीतक किती महागात पडू शकते, याचे हे विदारक उदाहरण होय.

यावरून स्वयंसेवेची परंपराच सदोष ठरवावी काय? तसे नव्हे. असंख्य मार्गदर्शकांनी आपले आयुष्य निष्कलंकपणे या कार्यास वाहिले आहे. उलट त्यांच्या चांगुलपणाचे रक्षण व्हावे, म्हणूनच नियम हवेत. कोणत्याही उपक्रमात किमान दोन मोठी माणसे उपस्थित असावीत, मुलाशी एकट्याने बंद दाराआड भेटू नये, नव्या कार्यकर्त्याची पूर्वचौकशी करावी, मुलाची तक्रार ‘घराण्याचे नाव जाईल’ म्हणून दडपू नये, हे दंडक आता अनेक देशांत रूढ झाले आहेत. भारतातही २०१२ मध्ये बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा झाला. पेढीवरील भागीदार कितीही विश्वासू असला तरी वर्षअखेर हिशेब तपासला जातोच, आणि त्यात कोणी अपमान मानत नाही. मुले ही तर पेढीहून कितीतरी मोलाची ठेव आहे.

उपसंहार

ब्राऊनसी बेटावरील वीस मुलांपासून निघालेल्या या वाटेवर मार्गदर्शकाचे चित्र हळूहळू पूर्ण होत गेले. लेसडाउनने तयारीची गरज शिकविली, महायुद्धाने मुलांवर विश्वास टाकण्याचे मोल शिकविले, गिलवेलने स्वतः शिकल्यावाचून शिकवू नये हे शिकविले. वाजपेयी, बोस, बेझंट व कुंझरू यांनी, बंद दारापुढे थांबून राहायचे नसते हे शिकविले. अमेरिकेतील अनुभवाने विश्वासाला दक्षतेची जोड हवी, हे शिकविले.

इतर कार्यांत माणसाची आवश्यकता जितकी वाढत जाईल, तितके त्याचे यश मोठे समजले जाते. बालवीरांच्या मार्गदर्शकाचे तसे नाही. आपल्याविना मुलांचे शिबिर सुरळीत पार पडले, तंबू उभे राहिले, स्वयंपाक झाला, धाकट्यांची काळजी घेतली गेली आणि सर्वजण सुखरूप परतले, असे जेव्हा त्याच्या कानी येते, तेव्हा त्याचे कार्य सफल झालेले असते. ज्या समाजात अशी माणसे दर पिढीत निपजतात, त्याच्या मुलांना उद्याची चिंता करावी लागत नाही.